डेडस्टॉक रजिस्टर

निर्लेखन समितीत आम्ही तिघं :
मी, हिशेबनीस, आणि वनस्पतिशास्त्राच्या बाई,
ज्यांना या खोलीत शिरल्यापासून शिंका येतायत.
कुजकं चामडं, जवसाचं तेल, ढेकळं झालेली फक्की.
पहिल्या पानावर मगदूम सरांचं अक्षर,
मोडीला सरावलेल्या हातानं बसवलेली बाळबोध :
‘फुटबॉल एक. ब्लॅडरला तीन ठिगळं.’
‘हॉकी स्टिका अकरा. पैकी चार बाभळीच्या, गावसुताराकडून.’
‘मलखांब एक. जागेवर.’

जिनगोंडा मगदूम. नेमणूक ड्रिल मास्तर, महिना बावीस रुपये.
सांगलीत कॉलेज नवं, कंपाउंड नाही,
लाँग ऑफला म्हशी बसायच्या म्हणे.
हुतूतू, खोखो, मलखांब हे अंगातच होतं,
पोहणं कृष्णेनं शिकवलेलं.
क्रिकेट मात्र परकं. गणिताचे सोवनी सर
कंदिलापाशी नियमांचं पुस्तक मराठीत करून सांगायचे
आणि सकाळी मगदूम सर पोरांना एलबीडब्ल्यू समजवायचे,
जणू लहानपणापासून त्यावरच वाढले.

गुडघा फुटला की पेठेतली हळद, कोमट तेलात.
कोल्हापूरची पोरं लांबूनच ओरडायची,
‘आले रे पिवळे!’
शाब्बास हा शब्द त्यांच्याकडे नव्हता.
चांगलं पळालो तर ‘परत’.
वाईट पळालो तरी ‘परत’, फक्त पाठ फिरवून.
एकदाच म्हणाले, ‘लेका, पाय तुजं हायत,
पर पळतंय कोण ते बघ की जरा.’
मी अजून बघतोय.

दिवस मावळायच्या आत जेवायचे. धर्मच तसा.
पितळी डबा सायकलच्या दांडीला.
मॅच लांबली की रेषेवरून हलायचे नाहीत,
हरिपूरच्या अंगाला सूर्य टेकला
की एकदाच मान वळवायचे
आणि पुन्हा मैदानाकडे.
मग तो डबा आमचा. भाकरी, झुणका, लसूण नसलेली चटणी.
काही मॅचेस आम्ही मुद्दाम लांबवल्या.
हे आज पहिल्यांदा सांगतोय,
तेही शिंकणाऱ्या बाईंसमोर नाही, इथं.

मग विद्यापीठाचं पत्र आलं :
पदासाठी पदवी, वर डिप्लोमा.
सर सातवी पास.
मी तेव्हा मुंबईहून डिप्लोमा घेऊन नुकताच उतरलेलो,
जाताना गाडीभाडं त्यांनीच दिलेलं,
अकरा रुपये, रुमालात गाठ मारून.
प्राचार्यांनी दोघांनाही एकदम आत बोलावलं.
सत्तावीस वर्षांनी त्यांचा नवा हुद्दा टाईप होऊन आला :
मैदान सेवक.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
खिडकीबाहेर कोणीतरी रोलर ओढत होतं,
त्याचा आवाज मी फार लक्ष देऊन ऐकला.

बाहेर व्हरांड्यात पाठीवर हात पडला.
उघडा, खरबरीत, जरा जास्त वेळ.
‘खो,’ म्हणाले.
इतक्या हळू की पंचानं फाउल दिला असता.

आता ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना सांगायला नको,
खो मिळालेला उठून पळतो,
आणि देणारा त्याच्या जागी खाली बसतो.
ते बसले. जिमखान्याच्या दाराशी, लाकडी स्टुलावर,
आठ वर्षं. फक्की चाळत, जाळी विणत,
माझी शिट्टी वाजली की बाकी सगळ्यांसारखेच उठून उभे राहत.
मला ते कधी थांबवता आलं नाही.

‘मलखांब काढायचा का यादीतून?’ हिशेबनीस विचारतात.
बुंध्याला वाळवी आहे. वरचा गळा मात्र गुळगुळीत,
तळव्यांनी घासून काळा झालेला.
‘स्टूल?’
स्टूल रजिस्टरमध्ये नाहीच. घरून आणलेलं असणार.
बाई शिंकतात, सही कुठं करायची विचारतात.
साडेपाच झालेत. बाहेर पोरी खोखोला बसल्यात,
एक आड एक, उलट्या तोंडानं.
मी पेनाचं टोपण काढतो.
परत लावतो.